आधी ब्रेक बघू द्या

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होणार असलेले पेशंट माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो. "शेक घ्यायला ना नाही हो, पण तो मास्क लावला की जीव गुदमरतो. माझं मनच कच्चं आहे का?" उत्तर म्हणून एका ड्रायव्हरकाकांची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, एक-दोन इतर पेशंटचे अनुभवही त्यात मिसळलेत.

काका पन्नाशीतले. 27 वर्षं बस चालवलेली. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आणि 35 शेक ठरले: आठवड्याला 5, असे 7 आठवडे. मोल्ड रूममध्ये, म्हणजे मास्क बनवतात त्या खोलीत, गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढली, तसे काका ती ढकलून उठूनच बसले. दुसऱ्यांदाही तेच. मग चिठ्ठी लिहून त्यांना माझ्याकडे पाठवलं: "पेशंट सहकार्य करत नाही." हा शेरा मला कधीच आवडलेला नाही. जो माणूस रोज पहाटे उठून हॉस्पिटल गाठतो, तो सहकार्य करत नाही म्हणजे काय?

पण पहिली चूक मीच केली. म्हणाले, "काका, दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मॅडम, तुम्ही कधी निजलाय त्यात?"

नव्हते निजले. त्या संध्याकाळी मोल्ड रूममधला जाळीचा एक उरलेला तुकडा गरम करून माझ्या हातावर बसवून घेतला. आधी ओलं, ऊबदार फडकं टाकल्यासारखं वाटतं. मग काही मिनिटांत ते कडक होतं आणि थंड होता होता किंचित आवळतं. हातावरच इतकं कळलं, तर चेहऱ्यावर काय होत असेल! दुसऱ्या दिवशी तसाच तुकडा काकांच्या हातावर बसवला. बोटं हलवून बघत ते बराच वेळ गप्प होते.

मग विचारलं, नेमकं काय होतं तेव्हा? "भीती वाटते" एवढ्यावर थांबले तर मला काही करता येत नाही. काकांच्या उत्तरात तीन गोष्टी निघाल्या. श्वास कोंडेल. सगळे खोलीबाहेर जातात, म्हणजे ते भयंकरच काहीतरी असणार. आणि तिसरी त्यांच्याच शब्दांत: "मी प्रवासी म्हणून बसलो ना, तर मला डुलकीसुद्धा लागत नाही. ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली असतो."

पहिल्या दोन गोष्टी माहितीने बऱ्याच हलक्या झाल्या. मास्क ही जाळी असते, नाका-तोंडाशी हवा खेळती राहते. तो घट्ट असतो, कारण किरणांचा हिशेब मिलिमीटरमध्ये केलेला असतो. मान जरा हलली तर मार लाळग्रंथींना किंवा मज्जारज्जूला बसायचा. आणि कर्मचारी बाहेर जातात ते दिवसभर एकामागून एक पेशंटचे शेक देत असतात म्हणून. थांबले तर प्रत्येक वेळी थोडे किरण त्यांच्याही अंगावर येतील, तेही काही उपयोग नसताना. बाहेरून कॅमेऱ्यात पेशंट दिसत असतो, माइकवरून बोलता येतं. किरण लागताना दुखत नाही. काकूंनी हळूच विचारलं, नातवाला जवळ घेतलं तर चालेल ना? चालेल. मशीन बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत.

तिसरी गोष्ट मात्र माहितीने सुटणारी नव्हती. हात वर केला की मशीन थांबवतात, आत येऊन मास्क काढतात, आणि राहिलेला शेक तिथूनच पुढे देतात, हे मी सांगितलं. काकांनी मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. माझ्या शब्दावर कशाला पटावं? गाडी ताब्यात घेताना हा माणूस आधी ब्रेक दाबून बघणारा.

मग तेच करायचं ठरवलं. मास्क तयार झाला (डोळ्यांपुढची जाळी डॉक्टरांनी कापून दिली; काही ठिकाणी चेहरा उघडा राहणारे मास्कही वापरतात, म्हणून विचारून बघावं). त्यानंतर शेकांचा आराखडा तयार व्हायला काही दिवस लागतात. ते दिवस आम्ही सरावाला घेतले. पहिल्या दिवशी मास्क नुसता हातात, मग चेहऱ्यावर स्वतःच धरायचा, मग दोन क्लिपा, मग सगळ्या. शेवटच्या दिवशी मशीन बंद ठेवून पूर्ण तालीम झाली. टेक्निशियन बाहेर गेला आणि काकांनी लगेच हात वर केला. दार उघडलं. क्लिपा निघाल्या. "काय झालं काका?" "काही नाही. बघितलं." पुन्हा मास्क, पुन्हा हात. टेक्निशियनच्या कपाळावर आठी उमटली, पण तो आला. तिसऱ्या वेळी हात वर गेला नाही.

श्वासाचं म्हणाल तर "खोल श्वास घ्या" असं मी सांगत नाही. घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास ओढतो आणि त्यानेच चक्करल्यासारखं होतं. सोडायचा श्वास लांबवायचा, एवढंच. घरी उताणं झोपून दिवसातून दोनदा. मन गुंतवायला मी समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, तर म्हणाले, "वाळू बुटात जाते." मग त्यांनीच उपाय काढला. मास्क लागला की ते मनातल्या मनात आपल्या जुन्या मार्गावर बस काढत. प्रत्येक थांबा, प्रत्येक वळण. शेक संपेस्तोवर सातव्या-आठव्या थांब्यापर्यंत पोचत.

पहिल्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांनी शेकाआधी घ्यायला सौम्य गोळीही दिली होती. गोळी घेतली म्हणजे हरलो, असं मुळीच नाही. फक्त त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे काकांना दोनदा बजावावं लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं, लाळ तारेसारखी चिकट झाली, आणि काका पुन्हा टेबलावरून उठून बसले. काकू म्हणाल्या, "भीती परत आली. समजवा ना त्यांना." मी पुन्हा श्वासाकडे वळणार, इतक्यात काकांनी घशाकडे बोट दाखवलं. उताणं झोपलं की ती लाळ घशात साचत होती, खरोखर ठसका लागत होता. याला समुपदेशन नव्हे, डॉक्टर हवेत. शेकाआधी ठरावीक वेळी वेदनाशामक, गुळण्या, टेबलावर जाण्याआधी घसा साफ करणं, डोक्याखालच्या आधाराची तपासणी, हे सगळं झालं आणि भीती निम्म्याने उतरली. आम्ही समुपदेशक सगळं मनावर ढकलतो कधीकधी. मीही ढकलणारच होते.

वजन उतरत होतं, त्यावरून घरात धुसफूस. काकू दर तासाला "थोडं घ्या ना" म्हणत आणि काका पाठ फिरवत. नाकातून नळी घालायचं ठरलं तेव्हा काकांना तो पराभव वाटला. काकूंना मात्र पहिल्यांदा निवांत झोप लागली. चेहरा उतरल्याने मास्क सैल झाला, नवा करावा लागला. त्या दिवशी मी मुद्दाम थांबले होते. माझी गरज पडली नाही.

मधे एकदा "चार शेक राहिले तर काय बिघडतं?" असंही विचारून झालं. बिघडतं. मधे खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशींना वाढायला फुरसत मिळते. सुट्टी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, परस्पर नाही.

शेवटच्या शेकाआधी मी दोघांना समोर बसवून सांगितलं: संपल्यावर आठवडा-दोन आठवडे त्रास तसाच राहील, कदाचित वाढेलही. आणि रोज कुणी तपासणारं नसेल, त्याचीही भीती वाटेल. तेव्हा उपचार फसला असं समजू नका, फोन करा. दहाव्या दिवशी काकूंचा फोन आला. काका मागून खरखरीत आवाजात म्हणत होते, "मॅडमना सांग, हात वर केलाय."