पीसीवर व्हीआर (हेडसेट डोळ्यांवर चढवून दिसणारं आभासी जग) आणि फ्लाइट जॉयस्टिक दोन्ही लावायचे आहेत. आधी काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पीसीत आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी ग्राफिक्स कार्ड आहे, विमान उडवण्याचा गेम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर कीबोर्डवर खेळता, हेडसेट आणि जॉयस्टिक दोन्ही हवेत, पण एकदम खर्च करायचा नाही.

आधी जॉयस्टिक घ्या. हेडसेट दोन-तीन महिन्यांनी आला तरी चालेल. हेडसेट डोक्यावर चढला की कीबोर्ड दिसत नाही, माउस दिसत नाही, स्वतःचे हातसुद्धा दिसत नाहीत. त्या वेळी फ्लॅप, ट्रिम, ब्रेक, चाकं हे सगळं न बघता बोटांना सापडलं पाहिजे, आणि ही सवय साध्या मॉनिटरवर निवांतपणे लागते. दोन्ही खोकी एकाच दिवशी उघडली की लँडिंगच्या ऐन वेळी हेडसेट कपाळावर सरकवून बटण शोधावं लागतं.

हात आखडता असेल तर लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो पुरेशी आहे. दांडा पिळला की रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग फिरतो आणि बुडाशी छोटा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची कळ असते. थोडे जास्त पैसे घालता आले तर मी थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम सुचवीन. तिच्या दांड्याची पुढे-मागे आणि डावी-उजवीकडची हालचाल चुंबकाच्या साहाय्याने, म्हणजे हॉल सेन्सरने मोजली जाते. तिथे घासणारा भाग नसतो. साध्या जॉयस्टिकमधल्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे घासून हालचाल मोजणाऱ्या भागात, कालांतराने झीज होते, धूळ शिरते आणि दांडा सरळ असताना विमान एका बाजूला कलू लागतं. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत बांधकाम चालू असताना हा फरक मोलाचा आहे.

जॉयस्टिक कुठे बसवता याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अभ्यासाच्या टेबलावर ठेवली तर खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. कोपर काटकोनात, हात मांडीच्या थोडा वर, अशी उंची हवी. सुताराकडून प्लायचा एक तुकडा कापून घ्या आणि तो टेबलाच्या कडेखाली किंवा खुर्चीच्या हाताला सी-क्लॅम्पने आवळा. क्लॅम्प पुण्यात बोहरी आळीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. जॉयस्टिक प्लायवर वेल्क्रोने बसवा. ती सरकली नाही पाहिजे, कारण व्हीआरमध्ये हात तिला स्मरणाने शोधतो.

मग विंडोजच्या सर्चमध्ये गेम कंट्रोलर शोधा, तिथे दांडा चारही दिशांना फिरवून बघा आणि गरज वाटली तर कॅलिब्रेट करा. गेममध्ये दुसरं कुठलं उपकरण त्याच अक्षावर (म्हणजे त्याच हालचालीला) बसलेलं नाही ना, हे तपासा. एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडलेला राहिला तर थ्रॉटल आपोआप उड्या मारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची वीज वाचवण्याची खूण काढून टाका, नाहीतर उडता उडता जॉयस्टिक गायब होऊ शकते. आणि एक बटण आत्ताच राखून ठेवा: व्हीआरमध्ये दृश्य पुन्हा मध्यावर आणण्याचं. ते अंगठ्याखालीच हवं.

हेडसेटमध्ये मेटाच्या क्वेस्ट ३ आणि ३एस यांत निवड असेल तर विमानांसाठी ३ घ्या. एका डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल आणि पॅनकेक लेन्स, त्यामुळे कॉकपिटमधल्या घड्याळांचे आकडे कडेपर्यंत वाचता येतात. ३एस मध्ये फ्रेनेल लेन्स आहे, कडा धूसर होतात. वायफायने जोडायचा असेल तर राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर, आणि पीसी मात्र राउटरला केबलने जोडलेला असावा. नसेल जमत तर सरळ यूएसबी ३ ची लांब केबल घ्या.

मेटाच्या पीसी अॅपमध्ये ओपनएक्सआरचा (गेम आणि हेडसेट यांना जोडणारी पद्धत) रनटाइम मेटाचाच निवडा, म्हणजे स्टीमव्हीआर हे दुसरं सॉफ्टवेअर मधे घुसून कार्डावर ओझं टाकणार नाही. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं बदलतात तो आकडा, ७२ ठेवा. ९० हर्ट्झवर प्रत्येक चित्राला फक्त ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ वर जवळपास १४. ३०६० ला या गेममध्ये तेही जड जातं, म्हणून स्पेसवॉर्प (मधली चित्रं अंदाजाने भरणारी सोय) चालू करून ३६ वर स्थिर राहू द्या. सेस्नासारख्या संथ विमानाला ते पुरतं. ढग मध्यम, विमानतळावरची गर्दी कमी, डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून कार्डाचं ओझं हलकं करणारी सोय) चालू. उंच आकड्यांमागे धावू नका, स्थिर चित्र जास्त मोलाचं.

मळमळ होईल, ते गृहीत धरा. डोळे म्हणतात विमान वळलं, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण खुर्चीत बसलोय. समोर टेबल फॅन लावा, पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटंच उडा, आणि पोटात कसंतरी वाटायला लागताच थांबा. ताणून धरलं तर पुढच्या वेळी आणखी लवकर त्रास होतो. दोन बुबुळांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून घ्या आणि हेडसेटचं चाक त्यावर लावा. वापरून झाला की लेन्स खिडकीकडे तोंड करून ठेवू नका. भिंगातून आलेलं ऊन पडदा जाळतं, आणि तो डाग जात नाही.

पहिलं उड्डाण पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून करा. जमिनीवर असतानाच अल्टिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं घड्याळ, सुमारे १,९४० फूट दाखवेल, घाबरू नका, पुणे तेवढं उंच आहे. धावपट्टी २८ वरून पश्चिमेला उडा, शहर ओलांडून डावीकडे सिंहगडाकडे वळा. गड सुमारे ४,३०० फुटांवर आहे, तुम्ही ५,५०० वर राहा. मग खिडकीकडे वाकून खाली खडकवासल्याचं पाणी बघा. मॉनिटरवर हे असं वाकता येत नाही, आणि व्हीआरचे पैसे इथेच वसूल होतात.

जुना हेडसेट स्वस्तात मिळाला म्हणून एचपी रिव्हर्ब जी२ घेऊ नका. त्याला लागणारं विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काढून टाकलं आहे. विकणारा आपल्या जुन्या विंडोजवर तो चालवून दाखवेल, तुमच्या पीसीवर मात्र अडकून बसण्याची शक्यता आहे.