छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टचा वर्षभराचा रिलीज रोडमॅप कसा ठरवावा? कोणतं टूल वापरावं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "आधी फीचर्सची यादी पक्की करू, मग तारखा टाकू", ते वाचलं आणि राहवलं नाही. उलटं करा. आधी तारखा, मग त्या दिवसापर्यंत जे तयार असेल ते सोडायचं, उरलेलं पुढच्या खेपेला.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक टूल आम्ही काही जण फावल्या वेळात सांभाळतो. आमच्यातले ज्येष्ठ, सगळे त्यांना दादाच म्हणतात, हटून बसलेले की २.० व्हर्जनमध्ये नवा पार्सर (मजकूर तोडून समजून घेणारा भाग) आलाच पाहिजे, त्याशिवाय रिलीज नाही. मधल्या काळात एका मुलानं 'ऱ्य'ची दुरुस्ती पाठवली. आधी 'दुसऱ्या'चं रफारवालं 'दुसर्या' बाहेर पडायचं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', ते थांबलं. मर्जही झाली, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतली, आणि तशीच पडून राहिली, कारण रिलीज पार्सरसाठी अडलेलं आणि पार्सर पहिल्या वेलांटीपाशी (जुन्या फॉन्टात ती अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवतात, मध्ये जोडाक्षर आलं की ती नेमकी कुठे नेऊन ठेवायची हा घोळ). तेवढ्यात एका दिवाळी अंकवाल्यांनी आमचंच टूल वापरून अख्खी दीर्घकथा कन्व्हर्ट केली आणि प्रूफं बघणाऱ्या ताईंनी एकेक 'र्या' हातानं सुधारला, कारण सरसकट फाइंड-रिप्लेस मारलं तर 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' होतं. आणि दुरुस्ती आमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) तयार! मी म्हटलं, दादा, एवढंच १.४ म्हणून सोडू या. तर म्हणाले, अर्धवट माल बाजारात आणायचा नाही. आता दिवाळी काय कुणाच्या पार्सरसाठी थांबते का?

दादांचा कायमचा दाखला म्हणजे डेबियन ही लिनक्सवरची सिस्टीम, "ते बघ, तयार होईल तेव्हाच काढतात". हो, काढतात ना. त्यांचं वूडी नावाचं व्हर्जन आलं जुलै २००२ ला आणि त्यानंतरचं सार्ज जून २००५ ला, लोक कंटाळून गेले. पुढे त्यांनीही फ्रीझची (नवं काही घेणं थांबवण्याची) वेळ आधी ठरवायला सुरुवात केली आणि आता साधारण दोन वर्षांनी रिलीज येतं, हे मात्र दादा कधी सांगत नाहीत. पर्ल ६ या प्रोग्रामिंग भाषेची घोषणा २००० ची, पहिलं स्थिर रिलीज २०१५ च्या ख्रिसमसला. उलट लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) बघा, दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवा कोड घ्यायची मुदत, मग फक्त दुरुस्त्या, नऊ-दहा आठवड्यांत नवं व्हर्जन. तुमचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) राहिला? पुढच्या विंडोत या. पायथॉननंही ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबर धरलाय. उबुंटू या लिनक्स सिस्टीमचा तर नंबरच वर्ष आणि महिना, तरी २००६ मध्ये एप्रिलचं जूनला ढकललं आणि सरळ ६.०६ नाव दिलं. ढकला की, पण सांगून ढकला.

तर तुमच्यासाठी: चार महिन्यांनी एक रिलीज, त्याआधी दोन आठवडे नवं काही घ्यायचं नाही. रोडमॅपवर फीचरपुढे तारीख लिहूच नका, फुकट काम करणाऱ्या माणसाला तुम्ही काय नोटीस काढणार?

हां, हे सगळं मेन ब्रँच (कोडची मुख्य प्रत) कायम चालू स्थितीत असेल आणि टेस्ट असतील तरच, नाहीतर तारखेला कचराच सुटेल. लायब्ररी (इतरांच्या प्रोग्रामनं वापरायचा कोड) असेल आणि जुनं एपीआय, म्हणजे ती वापरायची ठरलेली पद्धत, मोडणार असाल तर तिथे घाई नको, एक-दोन रिलीज आधी वॉर्निंग द्या. सिक्युरिटीची दुरुस्ती तर तारीख न बघता लगेच सोडायची.

टूलचं म्हणाल तर गिटहबचे माइलस्टोन (एका तारखेखाली कामं गोळा करायची सोय) पुरेत. आमच्याकडेही आता तेच आहेत. दादा, वाचत असाल तर पार्सरची ब्रँच रीबेस करून, म्हणजे आजच्या मुख्य कोडवर बसवून, पाठवा, पुढचा फ्रीझ १५ जानेवारीला आहे.