काजूच्या बागेत रानटी खाजकुइली पसरलीय. आच्छादन म्हणून ठेवू का, आणि म्हशींना पाला चालेल का?

खानापूर तालुक्यात काजूची नवी लागवड आहे आणि खाजकुइली आपसूक रोपांवर चढलीय, असं तुम्ही लिहिलंय. ती ठेवू नका. शेंग धरायच्या आत मुळासकट उपटा आणि येत्या मिरगाला तिचीच बिनखाजेची जात पेरा.

आच्छादन म्हणून दोन्ही वेल सारखेच कामाचे. पण रानटीच्या शेंगेवर तांबूस-सोनेरी कुसं असतात आणि दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की ती वाऱ्यावर उडतात. त्यातलं म्युक्युनेन हे खाज आणणारं प्रथिन कातडीत शिरलं की माणूस सैरभैर होतो. पुढं काजू वेचायला बायका त्याच पाचोळ्यात हात घालणार, त्यांचा विचार आधी करा. शेंगा धरल्याच असतील तर पहाटेच्या दवात, ओल्या असतानाच काढून खड्ड्यात पुरा. कुसं लागली तर चोळू नका, चिकटपट्टीनं उचला, मग धुवा.

बिनखाजेच्या शेंगेवर नुसती मखमली लव असते. बी बघून मात्र फरक ओळखायच्या भरीला पडू नका. काष्ठौषधीच्या दुकानातलं कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचंच बी, आणून पेरण्यापेक्षा, ज्याच्या वेलाच्या शेंगा तुम्ही स्वतः हाताळल्यात त्याच्याकडूनच बी घ्या. कानडी शेजाऱ्यांकडे नसुगुन्नी म्हणून विचारा.

बुंध्यापासून चार हात सोडून, दोन-दोन हातांवर दोन बिया टोका. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, दाट पाल्याखाली तणाला ऊन मिळत नाही. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते म्हणजे आपल्या धुवाधार पावसात उतारावरची माती जागेवर राहते. होंडुरासच्या उत्तर भागातले शेतकरी मक्याच्या रानात हाच वेल घेत आलेत, तेही डोंगरउतारावर. फक्त शेंडे दर पंधरवड्याला कोयत्यानं छाटा, नाहीतर रोपांचा गळा आवळला जाईल.

चाऱ्याला पाला चांगला, प्रथिनं भरपूर. फुलं लागायच्या सुमारास कापा, थोडा सुकवा आणि पिंजरात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, मिसळून द्या, सवय होईपर्यंत मूठ-मूठ. कच्चं बी कोंबड्या-डुकरांना अजिबात नको. पार्किन्सन, म्हणजे कंपवाताच्या औषधातलं एल-डोपा त्या बियांत भरपूर असतं, ते त्यांना बाधतं.

पावसाळा सरला की वाळलेला थर वणव्याला आयतं जळण होतो, म्हणून डिसेंबर संपायच्या आत बांधाकडेनं दहा हातांचा पट्टा झाडून साफ ठेवा.