रुपया पडला, मग फायदा कुठे गेला?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. पितळी व्हॉल्व्ह बनवून दुबईला पाठवतो. रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, असं सगळे म्हणतात. मग माझ्या हाती काहीच का उरत नाही? डॉलरमध्ये कर्ज घेऊ का? व्याज कमी पडतं म्हणे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं तांबं-जस्त कुठल्या भावानं येतं? लंडनच्या धातूबाजारात भाव डॉलरमध्येच ठरतो. विक्री डॉलरची, कच्चा मालही डॉलरचा. फायदा उरतो तो मजुरी, वीज, भाडं एवढ्यावरच. आणि दुबईचं गिऱ्हाईकही पेपर वाचतं हो, लगेच सूट मागतं!

रुपया पडला म्हणजे चांदीच असं नाही, हे मी जवळून पाहिलंय. १९९१ साली मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. आखातातल्या युद्धानं तेल महागलं, देशाची परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, सुमारे ४७ टन सोनं गहाण पडलं. त्याआधीचे महिने मला जास्त आठवतात. आयातीसाठी आगाऊ रोख मार्जिन, म्हणजे बँकेत आधीच ठेवायची रक्कम, भरता भरता कारखानदार रडकुंडीला यायचे, आणि शिव्या काउंटरवर मला.

कर्जाचं म्हणाल तर थायलंड आठवा. २ जुलै १९९७ ला त्यांनी आपलं चलन, बात, मोकळं सोडलं, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवला. डॉलरला २५ बातचा भाव सहा महिन्यांत पन्नाशीपार. कमाई बातमध्ये आणि कर्ज डॉलरमध्ये असलेल्या कंपन्या त्यात बुडाल्या. तुमची निदान कमाई डॉलरची आहे. तेव्हा हातात पक्की ऑर्डर असेल तेवढंच डॉलर कर्ज घ्या, त्यावर एक छदामही नको.