हॉकनला कुठली पाचर हे नंतर ठरवा, आधी फटींचं बघा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की तिकडे ओहायोत गॅरेजमध्ये हॉकन धाटणीची, अर्ध्या दस्त्याची (म्हणजे लाकूड नळीच्या साधारण निम्म्यापर्यंतच असलेली) ठासणीची रायफल बांधायला घेतलीय. नळी आली आहे, हुकाचं ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारा आणि हुकाने दस्त्यात अडकणारा भाग, तोही आला आहे. आता नळी दस्त्याला धरून ठेवायला साध्या पाचरा (दस्त्यातून आडव्या जाणाऱ्या चपट्या धातूच्या पट्ट्या) घ्याव्यात, आत अडकून राहणाऱ्या घ्याव्यात की सरळ पिना माराव्यात, यावर अडलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता विचारलंय की दस्ता करून देणारे थोडे जादा पैसे घेऊन पाचरेच्या फटीही मशीनवर कापून देतो म्हणतात, तर कापून घेऊ का.

नका घेऊ. ही शेवटची ओळ वाचली म्हणूनच लिहायला बसलो.

आधी पर्यायांचं पटकन उरकतो. पूर्ण दस्त्याची चकमकीची लांब रायफल, म्हणजे पेन्सिल्व्हेनियाची धाटणी, बांधत असाल तर बारीक पिना मारा आणि विषय संपवा. तिचं ब्रीच पक्कं बसवलेलं असतं, नळी सारखी काढायची नसते, साफसफाई जागच्या जागी होते. ब्रिटिश फौजेच्या ब्राऊन बेसची नळीही पिनांवरच बसायची. १८५३ च्या एन्फिल्डला तीन कड्या आल्या. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवणाऱ्या बंदुकांची नळी तर तारेने किंवा चामड्याने दस्त्याला आवळलेली दिसते. पण तुमची आहे हॉकन. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल या हॉकन बंधूंच्या अर्ध्या दस्त्याच्या रायफलीला दोन पाचरा आणि फटीभोवती लोखंडी पट्ट्या असा थाट असतो. त्यामागे कारण आहे. काळ्या दारूची काजळी ओल धरते, नळी लगेच गंजवते, म्हणून ती पाण्याने धुवावी लागते. हुकाचं ब्रीच असलं की पाचरा काढायच्या, नळी वर उचलायची, मागचं टोक बादलीत बुडवायचं आणि गजाला चिंधी लावून पाणी वरखाली ओढायचं. दर वेळी हेच. पिना दर वेळी काढल्या-घातल्या तर भोकाच्या कडेचं लाकूड काही महिन्यांत झडतं. म्हणून तुम्हाला पाचरच.

साधी की अडकलेली? अडकलेल्या पाचरेच्या अंगात लांब खाच असते, दस्त्यात मारलेली बारीक पिन तिच्यात बसते, त्यामुळे पाचर बाहेर सरकते पण हातात येत नाही. इंग्लिश शिकारी बंदुकांवर हे फार देखणं दिसतं. माझं मत, पहिल्याच रायफलीला हा उद्योग नको. ती पिन जिथे मारायची तिथे खाली ठासायचा गज ठेवायचं भोक आहे, वर नळी बसायची खाच आहे, मधे लाकूड नावाला उरतं. साधी, एका बाजूला डोकं असलेली पाचर घ्या आणि एक जास्तीची करून खिशात ठेवा. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी खुशाल अडकवाव्यात.

आता फटी. मी एका कारखान्याकडून दस्ता करून घेतला होता. नाव सांगणार नाही, विचारूही नका. मेपलचं उत्तम रेषांचं लाकूड, माझीच नळी त्यांच्याकडे पाठवलेली, आणि फॉर्ममध्ये "पाचरेच्या फटी" या रकान्यावर खूण केलेली. नळीवर लग, म्हणजे नळीच्या खालच्या अंगाला बसवायचे आणि ज्यांतून पाचर आरपार जाते ते धातूचे तुकडे, अजून बसवलेले नव्हते. ते म्हणाले, काळजी नको, आमच्या फटी ठरलेल्या जागी असतात, लग तुम्ही त्याप्रमाणे बसवा. इथेच सगळं उलटं झालं. लगाप्रमाणे फट कापायची असते, फटीप्रमाणे लग बसवायचा नसतो. लग कुठे बसवायचा हे नळीची जाडी, नळीखालची धातूची पट्टी आणि गज अडकवायच्या छोट्या नळकांड्या बघून ठरतं.

दस्ता आला. वरून बघताना डोळे निवले. गज आत सरकवला, पहिली पाचर घातली आणि गज जागीच अडकला. पाचर फटीत न जाता सरळ गजाच्या अंगावर बसत होती. नळीची खाच आणि गजाचं भोक यांच्यामधे साधारण १/८ इंच लाकूड ठेवायची पद्धत आहे. इतकं लांब भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटतंच, त्यात कुणाचा दोष नाही. माझ्या दस्त्यात ते वर भरकटलं होतं. पण मशीनला ते कसं कळणार? तिने फट साच्याप्रमाणे कापली, भोकाचं छत फोडून. शिवाय डावी आणि उजवी बाजू समोरासमोर नव्हती. पाचर तिरकी जात होती, आणि लोखंडी पट्ट्या लावल्या असत्या तर लांबून बघणाऱ्यालाही तो तिरकेपणा दिसला असता.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "फोटो पाठवा". मी कॅलिपर लावून फोटो पाठवले. उत्तर आलं की हे ठरलेल्या मर्यादेत आहे, गज एका बाजूने तासून घ्या. गज तासून घ्या! ज्या गजाने बार ठासायचा तोच मधे बारीक करायचा? कारखान्यातल्या बाईसाहेब फोनवर अतिशय गोड बोलायच्या आणि शेवटी तेच म्हणायच्या की मागणीप्रमाणे कापलेलं लाकूड परत घेत नाही, तुम्ही फॉर्मवर खूण केली आहे. खूण केली होती हे खरं. पण त्या फॉर्मवर लगाचं माप लिहायला जागाच नव्हती, हे त्यांच्या वरिष्ठांनाही कधी पटलं नाही. दस्त्याचे पैसे गेले, वर आणि येण्याजाण्याचं भाडं माझ्याच डोक्यावर. अजून लिहिताना रक्तदाब वाढतो, जाऊ दे.

तो दस्ता वाया गेला नाही, एवढं सांगतो. फुटलेल्या छताला आतून मेपलची चपटी कपची चिकटवली आणि फट वरच्या अंगाला पुन्हा कापली. लोखंडी पट्टी जरा रुंद घेतली, तिच्याखाली जुनी फट झाकली गेली. पण हे उपचार झाले, बांधकाम नव्हे.

तुम्ही असं करा. आधी गजाच्या भोकाची खरी जागा शोधा. नळीच्या खाचेच्या तळाला, जिथे लग येणार तिथेच, एक बारीक भोक पाडा आणि गजाच्या भोकापर्यंत किती लाकूड आहे ते तारेने मोजा. ते भोक पुढे लगासाठी कोरायच्या जागेत जातं, त्यामुळे दिसत नाही. माप कळलं की लगाची उंची कानशीने त्याप्रमाणे उतरवा. लग नळीवर खाच कापून बसवत असाल तर ती उथळ ठेवा. पातळ नळीत खोल खाच कापणं मला तरी धोक्याचं वाटतं, तिथे झाळकाम बरं. नळीच्या जाडीबद्दल शंका असेल तर नळी बनवणाऱ्यालाच विचारा, माझ्यासारख्या हौशी माणसाला नको.

लग पक्के झाले की नळी दस्त्यात क्लँपने घट्ट बसवा आणि मगच फटी पाडा. अष्टकोनी नळीची बाजूची सपाट कड हाच तुमचा आधार, तिच्यावरून गुण्या लावून दोन्ही बाजूंना खूण करा. पाचरेच्या रुंदीत एका ओळीत बारीक भोकं पाडा, ड्रिल प्रेसवर, लाकूड आणि लग एकदमच. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत या. मग करवतीचं घासून बारीक केलेलं पातं घालून भोकं जोडा आणि कडा चपट्या कानशीने सरळ करा. पाचर जेमतेम जाईल इतकंच. घाई झाली की फट रुंद होते, आणि लाकूड परत चढवता येत नाही.

लगातली खाच मात्र पुढेमागे थोडी लांब ठेवा. नळी तापली की लांबते, दस्ता दमट हवेत किंचित वाकतो, दोघांना सरकायला जागा हवी. पाचरेला मध्यावर अगदी नजरेला कळेल न कळेल असा बाक द्या, तेवढ्याने ती घट्ट धरते. हातोडी नको. अंगठ्याने सुरुवात व्हावी आणि शेवटचा टोला लाकडी ठोकळ्याने द्यावा. नेहमी एकाच बाजूने घाला, नाहीतर दोन्हीकडच्या कडा झडतात. आणि पाचरेला हात लावण्याआधी गज टाकून नळीत बार नाही ना ते बघा, हे सांगायला नको पण सांगतो.

कायद्याचं मी सांगणार नाही, मी वकील नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बंदुकीला बरीच सूट आहे, पण राज्यांचे नियम वेगळे, न्यू जर्सीवाल्यांनी तर आपलं आधी बघून घ्यावं. भारतातून कुणी वाचत असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय ती घरी बनवणं सरळ गुन्हा आहे. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर असल्या बंदुका आहेत म्हणून "आमच्याकडे चालतं" असं समजू नका.

जमलं तर इंडियानातल्या फ्रेंडशिपला नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या मेळाव्याला एकदा जा. मोठे नेमबाजीचे मेळावे वसंतात आणि शरदात भरतात. तिथले म्हातारे बांधणारे जुन्या रायफलीच्या पाचरा काढून हातात देतात, आणि हुकाचं ब्रीच कसं सुटतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की माझं हे एवढं लांबण वाचायची गरज उरत नाही. फटीभोवतीच्या पट्ट्या तिथेच घ्या, हातात धरून निवडता येतात.

दस्त्याची ऑर्डर अजून दिली नसेल तर नळीची खाच आणि गजाचं भोक एवढंच मागा, फटींच्या रकान्यावर काट मारा आणि तशी लेखी पोच घ्या. दिली असेल तर आजच फोन करा. आणि लगांची जागा ठरवलीत की नळीच्या खालच्या बाजूचा एक फोटो इथे टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे गजाच्या नळकांडीशी कुठे टक्कर होतेय का ते बघून सांगतो.