डोक्याला मार लागला? तुमचे प्रश्न

गावच्या केबल वाहिनीवर मेंदूच्या इजेवरचा कार्यक्रम लागला की प्रश्नांचा पाऊस पडतो, आणि त्यात बहुतेक तेच ते असतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकदाच देतो.

मार लागलेल्याला झोपू द्यायचे नाही, हे खरे का? (डिचोली)

आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी घरी पाठवले तर झोपू द्या आणि सांगितलेल्या वेळी हाक मारून उठवा. नीट जागा होत नसेल, उलट्या होत असतील किंवा बडबड विसंगत वाटत असेल, तर लगेच 108. नाकाला कांदा लावू नका, पाणी किंवा कॉफी पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनळीत जाते.

चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना वडील (74) स्टुलावरून पडले. टेंगूळ दोन दिवसांत गेले. आता तीन आठवड्यांनी ते विसरतात आणि डावा पाय ओढतात. वय झाले म्हणून असेल ना? हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. (फोंडा)

नाही, वयावर ढकलू नका. हे उत्तर वाचताच त्यांना घेऊन निघा. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे मेंदूपासून त्याच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही त्या तुटतात. रक्त थेंबाथेंबाने साचते आणि आठवड्यांनी मेंदूवर दाब येतो. गोळीमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून धोका आणखी वाढतो. एका पायातली चप्पल चालताना सुटणे, चहा अर्धा ठेवून गुंगणे, लघवीवरचा ताबा जाणे या खुणा घरच्यांनाच आधी दिसतात. आणि घरचेच म्हणतात, "बोलतात ना, मग बरे आहेत!" ह्या वाक्याने फार नुकसान केले आहे. साध्या सीटी स्कॅनमध्ये निदान बहुधा होते, आणि गरज पडली तर कवटीला एक-दोन छिद्रे पाडून साचलेले रक्त काढतात. वेळेत केले तर पुष्कळ जण पुन्हा चालू लागतात. मुलगा बोटीवर नोकरीला असेल तर तो सुट्टीवर येईपर्यंत थांबू नका, सोमवारची वाटही पाहू नका. गोळीची पट्टी सोबत न्या, पण गोळी मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) असेल तर तो गुठळीने बंद पडू शकतो. काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोसर्जरीची, म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय आहे.

मुलगा फुटबॉल खेळताना आदळला. स्कॅन नॉर्मल आहे, तरी डोके दुखते. सामना रविवारी आहे. (मडगाव)

खेळू देऊ नका. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसते, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती (पूर्ण पडून न राहता हलक्या हालचाली), मग पायरीपायरीने चालणे, धावणे, डोक्याने न मारता चेंडू, पूर्ण सराव. पायऱ्यांत किमान 24 तासांचे अंतर हवे, आणि त्रास परतला तर एक पायरी मागे. सामन्यासाठी प्रशिक्षकाची नव्हे, डॉक्टरांची परवानगी हवी.

मेंदूच्या इजेनंतर स्मरणशक्ती परत आणणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती येतात. घ्याव्यात का? (पेडणे)

त्यांच्यावर पैसे घालवू नका. अशी नेहमी लिहून दिली जाणारी सिटिकोलिन 2012 च्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत मेंदूच्या इजेनंतर 90 दिवस दिली गेली. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेच पैसे फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीवर खर्चा. फिटची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसताना हेल्मेट? (वास्को)

हवेच. आयएसआय खुणेचे, पट्टा बांधलेले.

आम्ही वाड्यावरच्या केबल वाहिनीसाठी जागृतीचा भाग करणार आहोत. काय दाखवू? (कुडचडे)

अपघाताची दृश्ये दाखवू नका. पट्टा कसा बांधायचा ते जवळून दाखवा आणि 108 हा आकडा पडद्यावर मोठा ठेवा. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नसते, हे सांगाच. त्या भीतीनेच लोक गाडी थांबवत नाहीत. मेंदूची इजा झालेल्याची मुलाखत शांत खोलीत, प्रखर दिव्यांशिवाय आणि दहा मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. थकला की थांबा. संमती त्याची आणि घरच्यांची, दोघांचीही घ्या. भाग लावण्याआधी त्याला एकदा दाखवा.