एकटी जाऊ का? जा, पण मॅकडुईवर नको

प्रिय मावशी,

मी ३६ वर्षांची, मूळची नाशिकची. चार वर्षं झाली एडिनबराला राहते. कॉलेजपासून सह्याद्रीत फिरले आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग झालंय, राजगड-तोरणा तर एकटीने केलाय. इथे आल्यापासून उन्हाळ्यात अकरा मन्रो (स्कॉटलंडमधले तीन हजार फुटांवरचे डोंगर) झाले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी मैत्रिणी स्कॉटलंडमधल्या केअरनगॉर्म डोंगरांत जाणार होतो. स्की सेंटरच्या पार्किंगमधून केअरनगॉर्मचा माथा, तिथून पठारावरून बेन मॅकडुईचं शिखर आणि परत. आता एकीला सुट्टी मिळत नाही आणि दुसरीचा गुडघा दुखावलाय. पायथ्याच्या ॲव्हिमोर गावातली खोली तीन रात्रींसाठी बुक आहे, पैसे परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, मी एकटी जाते. तेव्हापासून घरात महाभारत चालू आहे. नवरा म्हणतो, ‘पाच वर्षांची मुलगी आहे घरात, शोभतं का हे?’ आई नाशिकहून रोज व्हिडिओ कॉलवर डोळे पुसते. माझा भाऊ एकटा मोटरसायकलवर लडाखला गेला तेव्हा हीच आई पेढे वाटत होती. मला एक दिवस कोणाची आई, बायको, मॅनेजर नसताना चालायचंय, एवढंच. आणि खरं सांगू? आता मागे हटले तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल. चांगले बूट आहेत, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) घेतलेत, फोनवर नकाशा आहे. जाऊ की नको?

तुमची,
एक हट्टी ट्रेकर


हट्टी ट्रेकरबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पेढ्यांपाशी आले आणि वाटलं, आत्ताच्या आत्ता तुझ्या आईला फोन लावावा. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटाकडच्या त्या एका वाक्यावर अडकले. ‘मागे हटले तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.’ तुझ्या सॅकमध्ये सगळ्यात जड तेच आहे, आणि ते घेऊन तू निघाली आहेस हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही.

आधी हक्काचं बोलू, कारण त्यात माझ्या मनात काही शंका नाही. एकटीने डोंगरात जायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. पाच वर्षांच्या मुलीला वडीलही आहेत. ‘शोभतं का’ हा प्रश्न तुझ्या भावाला कोणी विचारला नाही, तर तो तुलाही कोणी विचारू नये. हे भांडण तू जिंकलीस असं समज. माझ्याकडून लेखी घे.

आता डोंगराचं बोलू. त्याला तुमच्या घरातलं भांडण ठाऊक नाही.

माझी भाची ॲबरडीनला होती तेव्हा मी लागोपाठ दोन हिवाळे तिच्याकडे काढले. एका फेब्रुवारीत आम्ही दोघी त्याच पार्किंगमध्ये गेलो होतो, जिथून तू निघणार आहेस. गाडी थांबवली तर वाऱ्याने माझ्या बाजूचं दार उघडेचना. भाचीने गाडी वळवून लावली, तेव्हा ते असं उघडलं की बिजागरीसकट जातंय की काय असं वाटलं. मी उतरले, दोनेकशे पावलं चालले आणि परत आले. परत येताना शेवटची काही पावलं मी चक्क रांगले. पावसाळ्यात रतनगडाच्या शिड्या चढलेली बाई मी, पार्किंगमध्ये रांगत होते! खाली ॲव्हिमोरमध्ये त्याच वेळी लोक निवांत कॉफी पीत बसले होते.

कळसूबाई १६४६ मीटर, मॅकडुई १३०९. ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेव्हिससुद्धा १३४५. आकडे पाहिले की आपल्या लोकांना हसू येतं, मलाही आलं होतं. पण कळसूबाई १९ अक्षांशावर आहे आणि हा डोंगर ५७ वर. आपल्याकडे हिवाळा म्हणजे ट्रेकचा हंगाम. आपण डिसेंबरची वाट बघतो, रात्री शेकोटी करतो, पहाटे धुकं बघायला उठतो. आपल्या अंगात मुरलेलं सगळं शहाणपण पाऊस, निसरडा कातळ, ऊन आणि पाण्याची टंचाई यांचं आहे. ते खोटं नाही, पण केअरनगॉर्मच्या पठारावर त्यातलं फारसं चालत नाही, आणि थोडंसं तर उलटं चालतं.

वाऱ्यापासून सुरू करते. केअरनगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ला ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला, म्हणजे ताशी २७८ किलोमीटर. तेवढा तुझ्या वाट्याला येणार नाही, पण पन्नास मैलांचा झोतसुद्धा माणसाचा तोल घालवून पाडायला पुरतो, आणि हिवाळ्यात तिथे पन्नास मैल ही काही बातमी नसते. शहराचा हवामान अंदाज पाहून निघू नकोस, माथ्यावरचा वारा खालच्या दुप्पट सहज असतो. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस माथ्यांचा वेगळा अंदाज देते. त्यात वाऱ्याने चालण्यावर काय परिणाम होईल हेसुद्धा शब्दांत लिहिलेलं असतं. तो वाच.

मग पठार. उन्हाळ्यात तू तिथे गेली असशील तर तुला ते सोपं वाटलं असेल, आणि आहेच सोपं. रुंद, मोकळं, जवळपास सपाट. ना झाड, ना दगडी भिंत, ना आडोसा. हिवाळ्यात ढग खाली आला की वर पांढरं, खाली पांढरं, मधे तू. पायाखालची जमीन चढते आहे की उतरते आहे हेही कळत नाही. आपण कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावतो ना? ते जमतं, कारण कडा कुठे संपतो ते दिसतं. या पठाराच्या उत्तरेच्या अंगाला हिमनदीने खरवडून काढलेले वाडग्यासारखे कडे आहेत, आणि त्यांच्या ओठावर वारा बर्फाचा छज्जा बांधतो. त्याला कॉर्निस म्हणतात. वरून तो जमिनीसारखाच दिसतो, पण खाली हवा असते. धुक्यात त्याच्यापासून लांब राहायचं तर कागदी नकाशा, होकायंत्र आणि मोजलेली पावलं, एवढाच आधार. फोनवरचा नकाशा म्हणतेस, पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, आणि जाड हातमोज्याने स्क्रीन चालत नाही. हातमोजा काढलास आणि तो वाऱ्याने नेला, तर पुढचा सगळा दिवस त्या एका हातमोज्याचा होतो.

आता ते उलटं चालणारं शहाणपण. जोराचा वारा लागला की आपण काय करतो? डोंगराच्या आडोशाच्या अंगाने उतरतो. तिथे हे सगळ्यात वाईट. वारा एका बाजूचा बर्फ उचलून नेमका आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. तो थर वरून छान घट्ट दिसतो, पण खालच्या थराला धरून नसतो. कोणाचं तरी वजन पडलं की पूर्ण लादी सुटते, आणि ते वजन बहुतेक वेळा तिथे सापडणाऱ्या माणसाचं स्वतःचंच असतं. स्कॉटलंडमध्ये हिवाळाभर सहा भागांसाठी हिमस्खलनाचा रोजचा अंदाज निघतो. केअरनगॉर्मसाठी उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे अंदाज असतात, आणि कोणत्या दिशेचा उतार आज धोक्याचा आहे ते त्यात आकृती काढून दाखवलेलं असतं. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. आईस ॲक्सचाही, म्हणजे बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचाही नाही. मायक्रोस्पाइक्स गोठलेल्या सपाट वाटेसाठी ठीक आहेत, पण कडक बर्फाच्या उतारावर ते क्रॅम्पॉनचं, म्हणजे बुटांना बांधायच्या लांब धातूच्या दातांचं काम करत नाहीत. आणि ॲक्स नुसती सॅकला अडकवून चालत नाही. घसरल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत ती बर्फात रोवून स्वतःला थांबवायचं, हे हाताला आधी शिकवावं लागतं. अलंग-मदनवर तू दोर लावून चढलीस, तेव्हा गाठी कोणीतरी शिकवल्याच होत्या ना?

एकटीचा प्रश्न इथे येतो, पण तुझा नवरा मांडतो तसा नाही. थंडी आधी अक्कल नेते आणि मग अंग. सुरुवातीला थरथर होते. मग शब्द जड होतात, पाय अडखळतात, उगीच चिडचिड होते, आणि शेवटी ‘मला काही झालेलं नाही’ असं माणसाला ठाम वाटायला लागतं. हे ओळखायला समोर दुसरं माणूस लागतं. राजगडाहून तोरण्याला जाताना तुझा पाय मुरगळला असता तर तू बसून राहिली असतीस, कोणीतरी गुराखी आला असता, फार तर रात्र झाली असती. मॅकडुईच्या वाटेवर चालणं थांबलं की अंगाची ऊब विझायला लागते, आणि तासाभरात प्रश्न पायाचा राहत नाही.

सोबत असली की सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. नोव्हेंबर १९७१मध्ये याच पठारावर एडिनबराच्या शाळकरी मुलांचा एक गट वादळात अडकला. वरच्या निवाऱ्यापर्यंत ते पोचू शकले नाहीत आणि उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या. पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची अठरा वर्षांची मदतनीस, असे सहा जण गेले. तो गट होता, सोबतीला गटप्रमुख होती. म्हणून तुझ्या त्या दोन मैत्रिणी आल्या असत्या आणि तिघींकडेही मायक्रोस्पाइक्सच असते, तरी माझं उत्तर हेच असतं.

जाता जाता एक गंमत. तुला मॅकडुईवर एकांत हवाय, नाही का? नॉर्मन कॉली नावाचे एक प्राध्यापक १८९१मध्ये तिथे एकटेच होते. धुक्यात त्यांना आपल्या मागे कोणीतरी लांब ढांगा टाकत येतंय असं ऐकू यायला लागलं, आणि ते जीव घेऊन खाली रोथिमर्कसच्या जंगलापर्यंत पळत आले. पुढे १८९५ला नंगा पर्बतवर गेलेला हा माणूस! ही गोष्ट त्यांनी चारचौघांत सांगितली ती थेट १९२५ला. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी की ते पळाले. परत कोणाला काय सांगायचं याचा विचार करत धुक्यात उभे राहिले नाहीत.

तू उभी राहशील, अशी मला भीती आहे. पठारावर पोचलीस, ढग आला, घड्याळात बारा वाजले. फेब्रुवारीच्या मध्यात तिथे पाचनंतर लवकरच अंधार पडतो, आणि १७-१८ किलोमीटरांपैकी निम्मे अजून बाकी. एरवी तू मुकाट्याने मागे वळली असतीस, इतकी वर्षं वळतच आली असशील. त्या दिवशी मात्र तुझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभा असलेला नवरा येईल, आणि तू म्हणशील, अजून अर्धा तास बघू.

म्हणून माझं उत्तर असं. ॲव्हिमोरला जा. एकटी जा. तीन रात्री त्या खोलीत राहा, कोणाची आई-बायको नसताना झोप, उशिरा ऊठ. पण मॅकडुई या फेब्रुवारीत नको. जवळच ग्लेनमोर लॉज आहे, तिथे हिवाळी डोंगरचालीचे वर्ग चालतात. एक-दोन दिवसांचा घे, जागा आहे का ते आजच विचार. क्रॅम्पॉन आणि ॲक्स ॲव्हिमोरमध्ये भाड्याने मिळतात, आणि तुझ्या बुटांना क्रॅम्पॉन बसतात का हे तिथली माणसं सांगतील. उन्हाळ्याचे मऊ बूट असतील तर बसणार नाहीत.

आणि एक दिवस तुझा तुझा हवाच आहे, तर ग्लेनमोरच्या मागचा मेल अ वूअखिल कर. उच्चारावरून माझ्याशी भांडू नकोस. गेलिकमध्ये त्या नावाचा अर्थ गुराख्याचा डोंगर. ८१० मीटर, म्हणजे मन्रोही नाही, तुझ्या यादीत त्याने भर पडणार नाही. वाट बांधलेली आहे. जंगलातून जाताना एक लहानसं हिरव्या पाण्याचं तळं लागतं, पुढे रायव्होअनची बॉथी, दगडी खोली, कुलूप नसलेली. तिथे बसून डबा खा. वर चढायचं की नाही ते डबा खाताना ठरव. वारा असेल तर तिथूनच मागे फिर, तेवढ्यानेही दिवस छान होतो. बर्फ कडक असेल तर तोही डोंगर खेळण्यातला नाही, हे मी सांगायला नको. हेडटॉर्च, शिट्टी, हातमोज्यांचा दुसरा जोड सॅकमध्ये हवा. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही तिथली मदतीची खूण. ९९९ या तातडीच्या नंबरला मेसेज करूनही मदत मागता येते, पण फोन आधी नोंदवावा लागतो. ते घरूनच कर.

राहिला नवरा. त्याला सांग की तू जाते आहेस, आणि तुझ्यासाठी त्याला एक काम आहे. वाट कोणती, परतायची वेळ कोणती, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने ९९९ला फोन करून पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू म्हणायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर लाव. रेस्क्यूवाले स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, आपापलं काम टाकून येतात. ते कशासाठी येतात हे त्यालाही कळू दे. आणि त्याच बैठकीत त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घे. तू अर्ध्यातून परत आलीस तर त्यावर तो चकार शब्द काढणार नाही. ‘मी सांगितलं होतं ना’ तर मुळीच नाही. तो हे कबूल करेपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊ नकोस.

पुढच्या हिवाळ्यात, ॲक्स हातात बसली, होकायंत्रावर चालता यायला लागलं आणि एखाद्या जाणकाराबरोबर ते पठार एकदा पार केलंस, की मग मला पुन्हा लिही. तेव्हा कदाचित मी ‘एकटी जा’ म्हणेन.

आईला फोटो पाठवशील तो खाली उतरून, चहा घेतल्यावर पाठव. आणि त्याबरोबर एवढंच विचार, ‘पेढे कुठाहेत?’

तुझी,
मावशी